मामानं पारखलेलं रिदम मशीन

माझ्या मामाचा हात किती जड होता, हे ज्यानं तो खाल्ला त्यालाच विचारायला हवं. पण ज्यानं खाल्ला तो पुढं वर्षभर तोंड उघडत नसे, म्हणून मलाच सांगावं लागतं. नेरच्या बैलबाजारात त्यानं एकाच्या थोबाडीत दिली, तर तो गडी तोंड ज्या बाजूला फिरलं त्याच बाजूला चालत सुटला आणि बडनेऱ्याला पोचल्यावर कुठं त्याची मान सरळ झाली. मामा ढोलकीवर बसला की दारव्ह्याच्या स्टँडवर बंद पडलेली बस आपोआप सुरू व्हायची. यातलं अर्धं खोटं आहे. कुठलं अर्धं, ते तुमचं तुम्ही पाहा.

मामा बैलांचा दलाल. आमच्याकडं त्याला हेडी म्हणतात. बैलाचे दात पाहून तो वय सांगायचा, शेपटी पिरगाळून ताकद सांगायचा आणि पुठ्ठ्यावर थाप मारून स्वभाव सांगायचा. माणसंही तो याच रीतीनं पारखायचा, फक्त शेपटीच्या जागी कान असायचा. बाजार नसेल त्या दिवशी माझ्याकडं येऊन ढोलकी वाजवायचा. वाजवायचा कसला, हाणायचा. पण काय हाणायचा! एवढ्या माराखाली ढोलकी कधी कुजबुजायची, कधी हसायची आणि मधेच अशी किंचाळायची की शेजारची म्हैस पान्हा चोरायची.

मी मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायचो. सामान म्हणाल तर एक जुना कंप्युटर, एक माईक आणि शेकडो लग्नांत आहेर न घेता राबलेला एक मिक्सर. खोली मात्र राजाची. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आदल्या वर्षीही नव्हता, आणि पुढच्या वर्षी येईल असं म्हणणाऱ्याला लोक मारायला धावत होते. ज्याच्या घरात जागा होती त्यानं कापूस घरातच भरून ठेवला. आमच्या मागच्या खोलीत तो आढ्याला टेकला होता, आणि मधे मी, माईक आणि ढोलकी बसेल एवढं भुयार ठेवलं होतं. कापसातले लाल किडे अंगावर चढायचे. गाणारा खाजवायला लागला की त्याचा सूर थरथरायचा आणि ऐकणारे म्हणायचे, वा, काय हरकत घेतली! पण आवाजाला अशी खोली मुंबईतही मिळाली नसती. कापूस सगळा आवाज पिऊन टाकायचा. त्या खोलीत कुणाच्या कानाखाली काढली तर बाहेर काही ऐकू जात नसे. लागायची मात्र पूर्ण.

होळी जवळ आली तशी शेजारच्या तांड्याचे नायक आमच्या दारात येऊन उभे राहिले. बंजारा तांड्याचा मुखिया म्हणजे हा म्हातारा. मिशी इतकी मोठी की दारातून आधी ती आत यायची. होळीत म्हणायच्या त्यांच्या लेंगी गाण्यांची सीडी त्यांना हवी होती.

"गातो मी," नायक म्हणाले. "वाजवते तुहा मामा. ढोलकी अशी पाह्यजे की तांड्यातल्या म्हाताऱ्यायनं काठ्या फेकून नाचलं पाह्यजे. जमत असंन तं सांग. नाहीतं ढोलकी-रेकॉर्डिंगले दिग्रसवाला हायेच."

दिग्रसवाल्याचं नाव काढल्यावर मामानं ढोलकी अशी कडाडून वाजवली, की नायकांची मिशी मागं गेली आणि सौदा पक्का झाला.

आणि त्याच आठवड्यात मामानं मनगट मोडून घेतलं.

झालं असं. आमचा थोडा कापूस गाडीत भरून मामा खरेदी केंद्रावर गेला होता. मी मागं बसलेलो. गाड्यांची रांग फाटकातून निघून रस्त्याला लागली होती. शेवटची गाडी अमरावती जिल्ह्यात उभी आहे असं लोक म्हणत. ऊन असं की बैलांच्या सावल्यासुद्धा गाडीखाली शिरलेल्या. माणसं भावावर चिडलेली होती, पण भाव काही हाताला सापडत नव्हता, म्हणून जो सापडेल त्याला धरत होती. सकाळपासून पुढं कुणाचं डोकं फुटलं, मागं कुणाचा दात पडला, अशा बातम्या रांगेतून हातोहात येत होत्या. तेवढ्यात एकानं आमच्या पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली घुसवली.

"ओ भाऊ, रांग तिकडं हाये," मामा म्हणाला. एवढं गोड बोलला की मी गाडीतून खाली उतरून लांब झालो.

"मी सकाळीच नंबर लावून गेलतो."

"कोणाच्या नावानं? सासऱ्याच्या?"

"सासऱ्यावर जाऊ नको बे, हेड्या!"

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी दिसलं, कारण मधे कापूस उडत होता. कुणी जुवाची खुंटी, म्हणजे शिवळ, उपसली, कुणी चाबूक, कुणी हातात आलेली चप्पल. ज्यांचं भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं असेही दहाबारा जण मोठ्या उत्साहानं आत शिरले. एकानं तर आपल्याच भावाला बडवलं आणि ओळख पटल्यावर आणखी दोन ठेवून दिल्या. ट्रॉलीवाल्याच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. मामानं शेवटचा ठोसा असा भरून आणला की तो लागला असता तर ट्रॉलीवाला सासऱ्याच्याच अंगणात पडला असता. पण तो चप्पल उचलायला खाली वाकला आणि ठोसा ट्रॉलीच्या लोखंडी फळक्यावर बसला. फळकं वाकलं. मनगटही वाकलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कापसाची कोरडी पऱ्हाटी मोडावी तसा. मामानं हाताकडं पाहिलं, मग डाव्या हातानं उरलेलं भांडण पूर्ण केलं आणि स्वतः गाडी हाकत दवाखान्यात गेला.

कोपरापर्यंत प्लास्टर. ढोलकी बंद.

दोनचार दिवसांनी मामी आमच्याकडं पीठ मागायला आली. पीठ घेऊन गेली, पण तेवढा वेळ तिनं पदर गालावरून हलू दिला नाही. ती गेल्यावर मायनं मला चुलीपाशी बोलावलं.

"ढोलकी बंद हाये तं तुह्या मामाचे हात कुठं चालून राह्यले, समजलं काय तुले?"

"उजवा तं बांधला हाये न माय."

"डावा नाही बांधला न बाप्पा."

मामाच्या माराच्या गोष्टी सांगून मी गावभर लोकांना हसवायचो. त्या गोष्टींत मामी कधी आली नव्हती.

"त्या ढोलकीनं घर वाचून राह्यलंतं त्याईचं," माय म्हणाली. "बैलबाजार बसला, लोकं जोड्या इकून राह्यले, घेत कोणी नाही. दिवसभर घरी असते तो. काही बी कर, पण त्याले तुह्या त्या कापसाच्या खोलीत बसव."

आता बसवायचा कसा? मोडक्या हातानं ढोलकी होत नाही, आणि नायक होळीपुढं थांबणारे नव्हते. ठेका देणारं एखादं रिदम मशीन आणावं, माझ्या ऐपतीतलं, असं माझ्या मनात आलं. पण मशीन आणलं आणि मामाला उठवलं, तर मायनं मलाच चुलीत घातलं असतं. म्हणून मी मामाकडं गेलो.

"माह्या जागी डब्बा बसवतं काय बे?" मामा म्हणाला आणि त्याचा डावा हात उठला.

"जागी नाही मामा, जोडीले," मी खाटेच्या पलीकडून म्हणालो. "एक बैल लंगडला तं आपण काय करतो?"

"दुसरा आणतो."

"मंग पारखून कोण आणते? मी?"

मामानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी आणलेल्या बैलाची त्याला आताच कीव आलेली दिसत होती. "थांब. दुपट्टा घेतो," तो म्हणाला.

स्टँडजवळ मिस्त्री चाचाचं दुकान होतं. चाचा रेडिओ, अँप्लिफायर, भोंगे असं काहीही दुरुस्त करायचा. लग्नं साधी व्हायला लागल्यामुळं मोडलेल्या ऑर्केस्ट्रांचं सामानही त्याच्याकडं विकायला यायचं. फळीवर तीन मशीन होती. मामानं ती खाली, रस्त्यावर मांडायला लावली. जनावर उभं कसं राहतं, ते पाहायचं होतं.

पहिलं प्लास्टिकचं, हलकं, सगळ्यांत स्वस्त. मामानं ते एका हातानं उचललं. "वासरू हाये," असं म्हणून त्यानं त्याच्यावर एक थाप मारली. मशीनची बटनं रस्ताभर झाली. एक तर समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्याच्या कपात पडलं.

"मामू! वो छूने का है, मारने का नहीं!" चाचा ओरडला.

"मार सोसत नाही तं वाजवायले कायले ठेवलं?"

दुसऱ्यावर रबराच्या चकत्या होत्या. चाचानं ते स्वतःच्या पोटाशी धरून लावलं. "ये देखो. धीरे मारो तो धीरे बोलता, जोर से मारो तो जोर से."

मामानं बोट टेकवलं. मशीन कुजबुजलं. मामानं चापट मारली. मशीननं अशी डरकाळी फोडली की समोरच्या झाडावरचे कावळे यवतमाळच्या दिशेनं गेले ते परत आलेच नाहीत. पुन्हा बोट, पुन्हा कुजबुज. मामाचा चेहरा उतरला. बाजारात आपल्या जोडीपेक्षा उजवी जोडी समोरून आली की तो असाच दिसायचा. तो मशीनभोवती फेरी मारून आला.

"हे मारकं हाये," त्यानं निकाल दिला.

"मामा, असंच तं पाह्यजे न!"

"मारलं की ओरडते. अंगावर येते. असं जनावर दाव्याले बांधलं तं घरच्यायलेच मारते. नको."

खरं काय ते मला कळलं होतं. हे मशीन त्याच्या जागेवर बसलं असतं आणि उठलं नसतं. पण मी वाद घातला नाही, कारण त्याची किंमत ऐकून माझंच तोंड कोरडं पडलं होतं.

तिसरं होतं लोखंडी पेटीतलं. जात्यासारखं जड. मामानं बटनांवरून अंगठा फिरवून दात पाहिले, वायर ओढून शेपटी पाहिली आणि बटनावर थाप मारली. टक. जोरात मारली. टक. आणखी जोरात, चाचानं डोळे मिटून घेतले इतक्या जोरात. टक.

मामा हसला. "गरीब जनावर हाये भाच्या. कितीबी मारा, हू नाही का चू नाही."

इथं चूक झाली, आणि ती चूक हेड्याशिवाय कुणाच्या हातून झाली नसती. बैल मार खाऊन गप्प राहिला तर गुणाचा. ढोलकी मार खाऊन गप्प राहिली तर तिचं काय करायचं? पण हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. मी फक्त एवढं पाहिलं की हे परवडतं.

मग मामानं दुपट्टा पसरला. बैलाचा सौदा चारचौघांत बोलून होत नाही. दुपट्ट्याखाली घेणाऱ्यानं देणाऱ्याची बोटं दाबायची, आणि त्या दाबण्यातच भाव. हे चाचाला काय ठाऊक! मामानं डाव्या हातानं त्याची बोटं धरली आणि आवळली.

"अरे हाथ छोड ना मामू! शादी करना है क्या मेरे से?"

"भाव सांगून राह्यलो! गप ऱ्हाय!"

"उंगली टूट जायेगी रे!"

चाचानं हात ओढला. मामाला वाटलं, भाव नाकारला. त्यानं आणखी आवळली. चाचाच्या बोटांचा कडकड आवाज आला आणि त्यानं दुसऱ्या हातानं सोल्डरचं तापलेलं टोक मामाच्या दंडाला लावलं. चर्र झालं, वास सुटला. मामानं प्लास्टरचा हात फिरवला आणि चाचा आपल्याच भोंग्यांच्या ढिगात डोक्यानं घुसला. तिथून त्याच्या शिव्या भोंग्यांतून मोठ्या होऊन बाहेर येत होत्या. अख्ख्या स्टँडनं ऐकल्या. दोघांचे सदरे फाटले, टपरीवाल्याचा कप फुटला. शेवटी दोघंही दमून एकाच पायरीवर बसले, तेव्हा मी चाचाला बोटांचा अर्थ समजावून सांगितला.

"इतनाच बोल रहा था?" चाचा सुजलेली बोटं चोळत म्हणाला. "तो मुंह से बोलता ना, जानवर! ले जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली तशी नायक भुयारात येऊन बसले. मामा मशीनपाशी, मी मिक्सरपाशी. नायकांनी गळा काढला आणि मामानं डाव्या हातानं बटन दाबलं. टक, टक, टक, टक.

नायक थांबले. "भिया, कोण खिळा ठोकून राह्यलं?"

"ढोलकी हाये ते," मी म्हणालो.

"माहे म्हातारे याच्यावर नाचतीन? मी चाललो दिग्रसले."

"थांबा," मामा म्हणाला आणि त्यानं बटनावर मूठ हाणली. टक. कोपर हाणलं. टक. मग तो गुडघ्यावर उभा राहिला आणि बैलाला दिली नसेल अशी त्या पेटीला द्यायला लागला. शिवी आणि मार, शिवी आणि मार, आणि प्रत्येक मारामागून तोच आवाज, ना लहान ना मोठा, टक. जन्मभर त्यानं ज्याला हात लावला ते ओरडलं होतं, पळालं होतं, रडलं होतं, निदान उलटून आलं होतं. हा डबा त्याच्याकडं बघायलाच तयार नव्हता. मामानं प्लास्टरचा हात उचलून घातला. प्लास्टर फुटलं, त्यातून रक्त आलं, मामाच्या तोंडून गुरासारखा आवाज निघाला.

टक.

त्यानंतर मामा गप्प झाला. त्याच्या गप्प होण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी ठोशांची कधी वाटली नव्हती. तो उठला. डावा हात उघडत होता, मिटत होता. दाराकडं निघाला. त्याचं घर आमच्यापासून एका गल्लीवर, आणि दुपारी मामी घरी एकटी.

मी दारात आडवा झालो आणि त्याच्याकडं पाठ केली.

"मामा, याले जोर समजत नाही. मले समजते. कसं पाह्यजे ते माह्या पाठीवर वाजव. आवाजाचं बटन माह्या हातात हाये."

"सरक बे."

"सरकत नाही. येत नसंन तं सांग. दिग्रसवाल्याले येते."

पहिली थाप बसली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं लेंगी नाचणारा अख्खा तांडा उभा राहिला. मी तसाच वाकत मिक्सरपाशी गेलो. ठेका मशीनचा चालू ठेवला आणि मामाची थाप जड पडली की आवाजाची खुंटी वर करायचो, बोटं नुसती फिरली की खाली. जिथं मामा श्वास धरायचा तिथं मशीनचाही आवाज पार बुडवायचो. नायकांनी डोळे बारीक केले. मग मिशी हलायला लागली. मग त्यांनी गळा काढला तो खरा.

मधेच वीज जायची. भारनियमनाचे तास पाळून वीज यायची, जायची, आणि अर्धं गाणं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पाठीला भारनियमन नव्हतं. मामा तेवढ्या वेळात सराव करून घ्यायचा. थापा माईकात जात नव्हत्या, कापूस पिऊन टाकत होता. फक्त एका गाण्यात, नीट कान दिला तर, कडव्याच्या शेवटी "अगं माय" असं ऐकू येतं. तांड्यात लोकांना वाटतं ते गाण्यातच आहे. आता तसंच म्हणतात.

होळीला सीडी लागली. म्हाताऱ्यांनी काठ्या फेकल्याच, पण एका काठीनं एकाचं कपाळ फुटलं आणि तोही रक्त पुसत पुसत नाचला. नायकांच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, ढोलकी कुणाची? मामानं मला मानगुटीला धरून फिरवलं आणि सगळ्या तांड्यासमोर माझा सदरा वर केला.

"हे पाय," तो म्हणाला. पाच बोटं, एकावर एक, मानेपासून कमरेपर्यंत काळीनिळी. लोकांनी हात लावून पाहिलं.

संध्याकाळी मामी आमच्याकडं आली. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून माझी पाठ शेकायला बसली. पदर डोक्यावर होता, गाल मोकळा होता. नुसती एक एक वळ शोधून त्यावर पुरचुंडी दाबत होती.

"दुखते काय रे लय?"

"नाही मामी."

"खोटं बोलतं." तिनं पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवली. "उद्या हाये काय रेकॉर्डिंग?"

नायकांची गाणी सगळी झाली होती. दुसरं काम हातात नव्हतं.

"हाये," मी म्हणालो.

"मंग जेवून घे पोटभर," मामी म्हणाली, आणि मी उपडा पडल्या पडल्या नवीन गाणं जुळवायला लागलो.